उपग्रहाची सावली आधी, मनोरा नंतर: गोव्यात उपग्रह प्रसारणासाठी जमिनीवरचे रिपीटर कसे आखावेत

डिचोलीच्या आमच्या घरी वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओ सेवेचा रेडिओ आला तेव्हा बाबांनी तो देवघराशेजारच्या खिडकीत ठेवला. चपटी अँटेना पूर्वेकडे, जराशी आग्नेयेला झुकवून धरली की 'गांधर्व' वाहिनीवरचं गाणं इतकं स्वच्छ यायचं की शेजारचे काका संध्याकाळी मुद्दाम येऊन बसायचे. मग जून उजाडला आणि गाणं मधेच तुटायला लागलं. सगळ्यांनी पावसाला दोष दिला. एका संध्याकाळी बाबांनी रेडिओ उचलला आणि भर पावसात, छत्रीखाली, अंगणाच्या मध्यावर नेऊन धरला. तिथे तो खणखणीत वाजला. दोष पावसाचा नव्हता. खिडकीसमोरचा फणस चिंब भिजून जड झाला होता, आणि त्याच्या ओल्या पानांतून सिग्नल आत येत नव्हता.

ती सेवा भारतात 31 डिसेंबर 2009 रोजी बंद झाली. मी पुढे रेडिओ सर्वेक्षणाच्याच कामात पडलो, आणि तो फणस आजही माझ्या प्रत्येक आराखड्यात पहिल्या पानावर असतो. उपग्रहावरून थेट हातातल्या किंवा गाडीतल्या रेडिओवर प्रसारण करायचं, आणि जिथे उपग्रह दिसत नाही तिथे तोच सिग्नल वाढवून पुन्हा सोडणारे जमिनीवरचे रिपीटर लावायचे, एवढीच ही कल्पना. रिपीटर कुठे लावायचे हे ठरवताना मात्र बहुतेक जण मोबाइल टॉवरच्या सवयीने डोंगरमाथ्यापासून सुरुवात करतात. गोव्यात ही सुरुवातच चुकीची आहे. इथे सुरुवात झाडापासून आणि छपरापासून करायची.

बाहेरच्या अनुभवातून काय घ्यायचं

अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या दोन उपग्रह रेडिओ कंपन्या. एक्सएमची सेवा 2001 मध्ये आणि सिरियसची 2002 मध्ये सुरू झाली. दोघांना मिळून 2320 ते 2345 मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला होता. एक्सएमचे उपग्रह भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर. त्यामुळे अमेरिकेतल्या शहरांतून ते आकाशात बरेच खाली दिसत. सिरियसने तिरप्या लंबवर्तुळाकार कक्षा निवडल्या, म्हणून तिचे उपग्रह डोक्याच्या जवळ असत. परिणाम सरळ होता: एक्सएमला सिरियसपेक्षा कितीतरी जास्त रिपीटर उभारावे लागले. जपान आणि कोरियाने 2004 मध्ये सोडलेल्या एमबीसॅटवरून 2630 ते 2655 मेगाहर्ट्झमध्ये मोबाइल प्रसारण केलं. सोलमधून तो उपग्रह क्षितिजापासून जेमतेम 43 अंशांवर दिसे. त्यात उंच इमारती आणि भुयारी रेल्वे. तिथे रिपीटरची संख्या हजारांत गेली.

यातून घ्यायचा धडा एकच. रिपीटर किती लागतील हे सगळ्यात आधी उपग्रहाच्या उंचीच्या कोनावर ठरतं.

आपल्याकडे इस्रोचा जीसॅट-6 हा उपग्रह 27 ऑगस्ट 2015 रोजी जीएसएलव्ही-डी6 ने गेला. त्याची एस-बँडची (2 ते 4 गिगाहर्ट्झ) उलगडणारी अँटेना 6 मीटर व्यासाची आहे आणि ती भारतावर 5 वेगळे झोत टाकते. त्याची जागा 83 अंश पूर्व. लोकांसाठी अशी प्रसारण सेवा आज भारतात चालू नाही, पण आखणी शिकायची तर याच जागेचा आणि 2600 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेचा आधार घेणं रास्त आहे. पुढचे सगळे आकडे मी त्यावरच बेतले आहेत. उपग्रह बदलला तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

पायरी 1: आकाशातला बिंदू काढा

पणजी 15.5 अंश उत्तर, 73.8 अंश पूर्व. इथून 83 अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे 69 अंश वर आणि उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने 149 अंशांवर, म्हणजे दक्षिण-आग्नेयेला दिसतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत या आकड्यात फार फरक पडत नाही.

69 अंश म्हणजे जवळजवळ डोक्यावर. याचा अर्थ कागदावर मांडून पाहा. तळमजला अधिक तीन मजल्यांची, 13 मीटर उंचीची इमारत फक्त 5 मीटर सावली टाकते. पणजीच्या मळा भागातल्या अरुंद गल्लीत 8 मीटर उंच दुमजली घराची सावली 3 मीटर, म्हणजे अर्धी गल्ली उघडी. आणि डोंगर? 100 मीटर अंतरावरची टेकडी 260 मीटर उंच असेल तरच ती उपग्रह झाकते. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात रस्त्यालगतचा कापलेला कडा सोडला तर असं क्वचितच घडतं. घाट म्हटला की लोक डोंगराने सिग्नल अडवला असं गृहीत धरतात. या उपग्रहाच्या बाबतीत घाटात डोंगर जवळजवळ निर्दोष आहे. सिग्नल अडवतं ते रस्त्यावर दोन्ही बाजूंनी येऊन मिटलेलं झाडांचं छत.

तुलनेसाठी: वर्ल्डस्पेसचा एशियास्टार 105 अंश पूर्वेला होता, गोव्यातून सुमारे 50 अंशांवर. तीच 13 मीटरची इमारत तिथे 11 मीटर सावली टाकायची.

पायरी 2: सावली पायाने मोजा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, आणि हिला यंत्रही लागत नाही. वर्षातून दोनदा सूर्य आकाशातल्या नेमक्या त्याच बिंदूवरून जातो जिथे उपग्रह आहे. गोव्यातून 83 अंशांवरच्या उपग्रहासाठी हे घडतं मार्चच्या 13-14 तारखेच्या आसपास दुपारी बाराला, आणि सप्टेंबरच्या अखेरीस साधारण पावणेबाराला. त्या पाच-दहा मिनिटांत जिथे उन्हाची सावली, तिथे उपग्रहाचीही सावली.

मार्चमध्ये चार-पाच माणसं घेऊन एकाच वेळी चार-पाच ठिकाणी उभं राहा: पणजीचा अठरा जून रस्ता, म्हापशाचा बाजार, मडगावचा बाजार, फोंड्याजवळची कुळागरं (पोफळींच्या बागा), वाळपईकडचा रस्ता. मोबाइलने जमिनीचे फोटो काढा आणि प्रत्येक फोटोची जागा नकाशावर नोंदवा. मार्चमध्ये मोल्याकडचे साग आणि इतर पानगळीचे वृक्ष बरेचसे उघडे असतात. सप्टेंबरअखेर तेच रान हिरवंगच्च आणि ओलं असतं. सूर्याची भूमिती तीच आणि ऋतू दोन, त्यामुळे झाडांचा वाटा वेगळा काढता येतो. सप्टेंबरात ढग आले तर माशाच्या डोळ्यासारख्या रुंद भिंगाने थेट वर फोटो काढा आणि 149 अंश दिशा, 69 अंश उंची हा बिंदू त्यावर खुणेने टाका.

एक सावधगिरी. ऊन पानाने पूर्ण अडतं, 11-12 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर पूर्ण अडत नाही. विरळ माडाखालून सिग्नल बऱ्यापैकी येतो. दाट आंबा, फणस, वड यांच्याखाली 10 डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास, म्हणजे सिग्नल दहाव्या हिश्शावर येईल एवढी घट धरा, भिजल्यावर आणखी. छपरांचंही तसंच. मंगलोरी कौलांचं लाकडी छप्पर 69 अंशांवरून येणाऱ्या लहरीला थोडीफार वाट देतं, सिमेंटचा स्लॅब जवळजवळ देत नाही. म्हणून जुन्या चिऱ्याच्या, कौलारू घराला रिपीटरची गरज कमी आणि नव्या फ्लॅटला जास्त. नकाशावर कौल आणि स्लॅब वेगळ्या रंगांत दाखवा.

आणि पाऊस? 2.6 गिगाहर्ट्झवर कोसळत्या पावसाने होणारी घट नगण्य असते. पणजीत वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून घाबरून पावसासाठी वेगळी राखीव शक्ती धरू नका. ती ओल्या पानांसाठी धरा.

पायरी 3: चालत्या गाडीचा हिशेब वेगळा ठेवा

आधुनिक प्रणालींत माहिती काही सेकंदांवर पसरून पाठवतात. मधले दोन-तीन सेकंद हरवले तरी उरलेल्यांतून कार्यक्रम पुन्हा जुळवता येतो. ही पसरण 10 सेकंदांची आहे असं समजा. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते. रस्त्यावर 30 मीटर रुंद वडाची सावली म्हणजे दोन सेकंदांपेक्षाही कमी. ऐकणाऱ्याला ती कळणारही नाही. तिथे रिपीटर लावणं म्हणजे पैसे वाया.

चोर्ल्यात मात्र वेग ताशी 30. 10 सेकंदांत गाडी 83 मीटर जाते. झाडांचं छत सलग 300 मीटर असेल तर पसरणीचा उपयोग संपला. म्हणून नकाशावर सावलीची नुसती टक्केवारी लिहू नका. सलग किती मीटर आणि त्या वळणावर गाडीचा वेग किती, ही जोडी लिहा. आणि जो माणूस आंब्याखाली बाकावर बसून ऐकतोय त्याला या पसरणीचा काडीचाही फायदा नाही, हेही त्याच कागदावर लिहा. बसथांबे, देवळांची आवारं, शाळा, चेकनाके: जिथे माणसं थांबतात ती ठिकाणं वेगळी काढा.

पायरी 4: वचन ठरवा, मग आकडेमोड करा

गाडीत ऐकू येईल असं सांगणार, की घरात ऐकू येईल असं? हा निर्णय अभियंत्याने एकट्याने घेऊ नये, पण त्याची किंमत त्यानेच मांडून दाखवली पाहिजे. मी ती अशी मांडतो.

आधी उपग्रह. समजा तो गोव्याकडे 65 डीबीडब्ल्यू (एक वॅटच्या तुलनेत डीबी) एवढी परिणामी शक्ती, म्हणजे वर्धकाची शक्ती आणि अँटेनाची एकवट मिळून, टाकतो. अंतर सुमारे 36,150 किलोमीटर, त्यावर 2600 मेगाहर्ट्झला घट सुमारे 192 डीबी. साध्या, दिशा नसलेल्या अँटेनावर हाती येतात उणे 97 डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डीबी). 5 मेगाहर्ट्झच्या वाहिनीत, 2 डीबी गोंगाटाच्या चांगल्या रिसीव्हरमध्ये गोंगाटाची पातळी उणे 105 डीबीएम. म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा 8 डीबी वर. रिसीव्हरला उघड्यावर 3 डीबी पुरत असतील तर हातात शिल्लक 5 डीबी. एका फणसाला 10 लागतात. आमच्या खिडकीची गोष्ट म्हणजे हाच हिशेब.

आता रिपीटर. 20 वॅटचा वर्धक म्हणजे 43 डीबीएम. ठरावीक दिशेकडेच झोत टाकणारी 15 डीबीआयची (दिशा नसलेल्या अँटेनापेक्षा 15 डीबी जास्त) सेक्टर अँटेना, केबलमध्ये 2 डीबी गेले, तर बाहेर 56 डीबीएम. जमिनीवर प्रतिध्वनी खूप, म्हणून रिसीव्हरला 3 ऐवजी 5 डीबी द्या. मग लागणारी किमान पातळी उणे 100 डीबीएम. 95 टक्के जागी मिळायला हवं असेल तर ठिकाणागणिक होणाऱ्या चढउतारासाठी 13 डीबी आणि यंत्रांच्या उणिवांसाठी 3 डीबी बाजूला ठेवा. गाडीसाठी परवडणारी एकूण घट 140 डीबी. घरासाठी भिंतींचे 15 डीबी वजा केले की 125.

30 मीटर उंचीवरच्या अँटेनाला, आपल्या पणजी-मडगावसारख्या बैठ्या शहरात, हाटा पद्धतीच्या (अंतराप्रमाणे सिग्नलची घट काढण्याची रूढ पद्धत) उपनगरी सूत्राने 140 डीबीला सुमारे 2.1 किलोमीटर त्रिज्या मिळते आणि 125 डीबीला सुमारे 0.8 किलोमीटर. त्रिज्येचा वर्ग करा: घरातलं वचन दिलं तर रिपीटर जवळजवळ 7 पट लागतात. सभेत मी हा एकच आकडा फळ्यावर लिहितो आणि थोडा वेळ गप्प बसतो.

हाटाचं विस्तारित सूत्र मुळात 2000 मेगाहर्ट्झपर्यंतचंच आहे, त्यामुळे वरचे आकडे पहिल्या अंदाजापुरते. खऱ्या आखणीला आयटीयू-आरच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ शाखेच्या) पी.1812 किंवा पी.1546 या शिफारशी घ्या, झाडांसाठी पी.833, उपग्रहाकडून चालत्या वाहनाकडे येणाऱ्या मार्गासाठी पी.681. उंचीचा नकाशा घेताना त्यात झाडांची उंची धरली आहे की उघड्या जमिनीची, ते तपासा. गोव्यात या एका गोष्टीने अख्खा निकाल उलटतो.

पायरी 5: रिपीटरला सिग्नल कुठून देणार

नवशिक्याचं पहिलं उत्तर असतं: उपग्रहाकडून घ्या, वाढवा, त्याच वारंवारतेवर सोडा. आकडे मांडले की या उत्तराची मर्यादा दिसते. 1.2 मीटरच्या तबकडीने साधारण 28 डीबी मिळतात, म्हणजे हाती उणे 69 डीबीएम. बाहेर सोडायचे अधिक 43. वाढ 112 डीबी. सोडणाऱ्या अँटेनाचा सिग्नल घेणाऱ्या तबकडीत परत शिरला तर रिपीटर लाउडस्पीकरसमोर धरलेल्या माइकसारखा कोकलतो. ते टाळायला दोन अँटेनांमधला अलगपणा वाढीपेक्षा 15 डीबी तरी जास्त हवा, म्हणजे 127 डीबी. एका मनोऱ्यावर हे जमत नाही. 100 डीबी मिळाले तर वाढ 85 वर थांबवावी लागते आणि बाहेर जेमतेम 16 डीबीएम, म्हणजे 40 मिलिवॅट पडतात.

40 मिलिवॅट निरुपयोगी नाहीत. एखादा झाकलेला बाजार, विमानतळावरची प्रतीक्षेची जागा, बोगद्याचं तोंड यांना तेवढे पुरतात. शहरासाठी मात्र रिपीटरला वेगळ्या पट्ट्यातून सिग्नल द्या. कोरियात तो केयू-बँडमधून, म्हणजे 12 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यातून यायचा. केयू-बँड घेतलात तर तिथे मात्र पाऊस खरोखर नडतो, म्हणून तबकडी मोठी घ्या आणि शक्य तिथे सोबत ऑप्टिकल फायबरचा दुसरा मार्ग ठेवा. पावसाची राखीव शक्ती धरायची ती इथे.

पायरी 6: वेळ जुळवा

सगळे रिपीटर एकाच वारंवारतेवर बोलणार असतील तर त्यांचे आवाज रिसीव्हरकडे ठरलेल्या खिडकीत पोहोचले पाहिजेत. त्या खिडकीला गार्ड इंटरव्हल म्हणतात. डीव्हीबी-एसएच या उपग्रह आणि जमीन मिळून प्रसारणाच्या प्रणालीत 5 मेगाहर्ट्झच्या वाहिनीत 2के पद्धत (सुमारे दोन हजार उपवाहक) घेतली तर एका चिन्हाचा, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याचा, उपयुक्त काळ 358.4 मायक्रोसेकंद. त्याच्या एक चतुर्थांश गार्ड ठेवला तर 89.6 मायक्रोसेकंद, अंतरात 26.9 किलोमीटर. एक अष्टमांशाला 13.4 किलोमीटर. एक बत्तिसांशाला 3.4.

गोव्याच्या नकाशावर हे ताडून पाहा. पणजी ते वास्को हवाई अंतर 10 किलोमीटरच्या थोडं वर, आणि मध्ये मुरगावची खाडी. पाण्यावरून लहर बिनअडथळ्याची येते. दोना पावल तर त्याहून जवळ. तिथला रिपीटर वास्कोच्या सड्यावर (पठारावर) चांगलाच ऐकू येणार, सुमारे 19 मायक्रोसेकंद उशिराने. एक अष्टमांश गार्डमध्ये तो मदत करतो, एक बत्तिसांशमध्ये तोच बाधा होतो. पणजी आणि मडगाव यांत हवाई अंतर सुमारे 28 किलोमीटर, पण मध्ये वेर्ण्याचं पठार आहे, त्याचा आडोसा मिळतो. गोव्यासाठी मी एक अष्टमांशापासून सुरुवात करतो आणि खाडीकाठच्या अँटेना खाली झुकवतो.

समुद्राची एक गोष्ट किनाऱ्यावरच्या जुन्या रेडिओवाल्यांना ठाऊक असते. पावसाळा सरल्यावर काही संध्याकाळी अरबी समुद्रावर हवेचे थर असे बसतात की लहरी पाण्यालगत वाकून शेकडो किलोमीटर जातात. मालवण पणजीहून हवाई रेषेत 74 किलोमीटर, म्हणजे जवळपास 247 मायक्रोसेकंद. तिथे त्याच वारंवारतेचा रिपीटर समुद्राकडे तोंड करून असेल तर अशा रात्री तो पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या श्रोत्याचं ऐकणं बिघडवेल. किनाऱ्यावरच्या सेक्टर अँटेनाची पाठ समुद्राकडे ठेवा. मासेमारीच्या होड्यांना उपग्रह थेट दिसतो, त्यांना रिपीटर नको आहे.

उपग्रहाचा सिग्नल आणि रिपीटरचा सिग्नल एकाच वारंवारतेवर असतील तर आणखी एक जुळवाजुळव. उपग्रहाच्या दिशेने जमिनीवर 10 किलोमीटर सरकलं की त्याचा मार्ग 3.6 किलोमीटरने, वेळ 12 मायक्रोसेकंदांनी बदलते. म्हणून प्रत्येक रिपीटरला त्याच्या जागेचा स्वतंत्र विलंब द्यावा लागतो. शिवाय भूस्थिर उपग्रह खरोखर स्थिर नसतो, रोज आपल्या चौकटीत काही किलोमीटर मागेपुढे होतो, आणि दर किलोमीटरला 3.3 मायक्रोसेकंद. विलंब एकदाच बसवून विसरता येत नाही. जीपीएसच्या घड्याळावर चालणारी, उपग्रहाच्या स्थितीप्रमाणे सतत दुरुस्त होणारी यंत्रणा घ्या. रिपीटर सिग्नल उलगडून पुन्हा बांधत असेल तर त्याला वेळ लागतो. तो भरून काढायला रिपीटरकडे जाणारा प्रवाह मुख्य केंद्रावरून आधी सोडावा लागतो, हे पहिल्या दिवसापासून ठरवा. नंतर ते सुधारणं फार महाग पडतं.

पायरी 7: जागा

पर्वरीचा सडा, आल्तिनो, बांबोळी, वेर्णे. उंच जागा सगळ्यांना मोहात पाडतात. मी त्यांच्यापासून दूर राहतो. उंचावरून सिग्नल लांब जातो, तिकडच्या रिपीटरना गार्डबाहेरचा त्रास देतो, आणि ज्या बाजाराच्या स्लॅबखाली तो हवा होता तिथे तरीही शिरत नाही. 20 ते 30 मीटरवरचं गच्चीचं ठिकाण, सावलीच्या अगदी जवळ, हे बरं. दुसरं कारणही आहे: रिपीटरच्या अगदी पायथ्याशी त्याचा सिग्नल उपग्रहाच्या सिग्नलपेक्षा लाखो पटींनी मोठा असतो आणि रिसीव्हर दिपून जातो. शक्ती लहान ठेवली तर हा दिपवण्याचा पट्टाही लहान राहतो. शेजारच्या वारंवारतेवर मोबाइल सेवा असतील तर जागा पक्की करण्याआधी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घेऊन दोन दिवस तिथे बसा.

कुळागरांत आणि रानात वेगळा विचार. पोफळींच्या खोडांमधून आडवी जाणारी लहर वरून येणाऱ्या लहरीपेक्षा जास्त पानं, जास्त खोडं पार करते. रानाबाहेर मनोरा उभारून आत सिग्नल ढकलता येत नाही. रस्ता हाच बोगदा समजा: रस्त्याच्या वळणावर, रस्त्याच्या रेषेत पाहणारी अरुंद झोताची अँटेना, कमी शक्ती, असलेल्या विजेच्या खांबावर. मोल्याच्या अभयारण्यात नवं बांधकाम मागूच नये असं माझं मत आहे. चेकनाका आणि देऊळ झाकलं, बाकीचा रस्ता पसरणीवर सोडला, तरी प्रवाशाचं फार नुकसान होत नाही.

कोकण रेल्वेचे बोगदे, विशेषतः पेडण्याचा आणि काणकोणच्या वाटेवरचा बार्सेचा, यांना गळक्या केबलशिवाय, म्हणजे वाटभर थोडाथोडा सिग्नल बाहेर सोडणाऱ्या केबलशिवाय, पर्याय नाही. ते काम रेल्वेच्या नियमांनी आणि रेल्वेच्या वेळापत्रकाने होतं. पहिल्या टप्प्यात घेऊ नका.

पायरी 8: परवाने आणि ग्रामसभा

वारंवारतेसाठी दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन पाहणारी डब्ल्यूपीसी शाखा, मनोऱ्याच्या जागेसाठी सॅक्फा या वारंवारता-वाटप समितीची मंजुरी, प्रसारणासाठी माहिती व प्रसारण मंत्रालय. दाबोळी नौदलाचा तळ आहे, त्यामुळे त्या परिसरात उंचीची परवानगी नौदलाकडून लागते. मोपाचा विमानतळ वेगळा. किनाऱ्यालगत सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम. हे सगळं समांतर सुरू करा.

पण खरी कसोटी पंचायतीत लागते. माझ्या एका कामात कागद पूर्ण होते आणि ग्रामसभेत काम अडलं, कारण मंडळी विचारत होती ते आम्ही आधी जाऊन सांगितलंच नव्हतं. एका आजींनी विचारलं, "पुता, माझ्या सुनेच्या खोलीसमोरच हें कित्याक?" (हे कशाला?) तो प्रश्न रास्त होता. मुलासारखं समजून त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे आकडा तयार नव्हता. आता तो कायम खिशात असतो. भारताने 2012 मध्ये मनोऱ्यांच्या रेडिओलहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली, या वारंवारतेला 1 वॅट प्रति चौरस मीटर. आपला 400 वॅट परिणामी शक्तीचा झोत थेट तोंडासमोर धरला तरी ही पातळी 5.6 मीटरवर येते. अँटेना 25 मीटर उंच आणि कोणाच्याही खिडकीपासून त्याहून दूर. हा हिशेब कोंकणीत, कागदावर चित्र काढून, सभेच्या आठवडाभर आधी घरोघर समजावा. आणि मोजणीचं यंत्र गावकऱ्यांच्या हातात द्या.

पायरी 9: पावसाळ्यासाठी बांधा

खारं वारं किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतपर्यंत साधं लोखंड खातं. गरम गॅल्व्हनाइझ केलेलं लोखंड, स्टेनलेसचे बोल्ट, कनेक्टरवर पाणी न शिरणारी पट्टी, तीही दरवर्षी मेअखेर नवी. चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मोजमाप एप्रिल-मेमध्ये घ्या. पहिल्या वळिवाच्या विजा त्याच कोरड्या जमिनीवर पडतात. पायाभोवती तांब्याची कडी आणि तिला जोडलेले अनेक दांडे, एकच खोल दांडा नको.

वीज गेल्यावर काय? यंत्रणा 300 वॅट खात असेल तर 8 तासांना 2.4 युनिट, 48 व्होल्टला 50 अँपिअर-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून 100 अँपिअर-तासांची घ्या. आतल्या सत्तरी-सांगे तालुक्यांकडे त्याच्या दुप्पट. वादळी रात्री सूचना पोहोचवणं हा या सेवेचा सगळ्यात मोठा उपयोग आहे, आणि वीज नेमकी त्याच रात्री जाते.

पायरी 10: चालू करताना

सगळे रिपीटर बंद ठेवून आधी पत्रादेवी ते पोळे गाडी फिरवा, मग केरीहून चोर्ला, मोल्याहून अनमोड. सिग्नलची पातळी, चुकांचं प्रमाण आणि जागा दर सेकंदाला नोंदवा. मग एकेक रिपीटर चालू करा आणि तोच रस्ता पुन्हा. दोन नकाशे एकावर एक ठेवल्यावर सुधारलेल्या जागा सगळेच बघतात. तुम्ही बिघडलेल्या जागा शोधा. जिथे नुसता उपग्रह छान येत होता आणि आता तुटतो, तिथे विलंब चुकला आहे किंवा रिसीव्हर दिपतो आहे. प्रतिध्वनींचा आलेख काढला की यातलं कुठलं कारण ते लगेच कळतं. विलंब दुरुस्त करून किंवा अँटेना झुकवून सुटलं नाही तर तो रिपीटर बंद करा, जागा कितीही कष्टाने मिळाली असली तरी.

घरातली मोजणी भाड्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये करू नका. माणसं, कपाटं, फ्रिज असलेल्या घरात करा, स्वयंपाकघरातसुद्धा, कारण रेडिओ तिथेच वाजतो. एक फेरी कोरड्या दिवसांत आणि एक ऑगस्टमध्ये, भिंती ओल्या असताना.

सप्टेंबरच्या अखेरीस, पावणेबाराला, सावल्यांचे फोटो पुन्हा काढा. गेल्या वर्षी कौलारू असलेलं घर आता स्लॅबचं झालेलं असेल, रुंदीकरणात रस्त्यालगतची आंब्याची रांग गेलेली असेल, कुठे नवा फणस छपराएवढा वाढलेला असेल. त्या फोटोंवरून रिपीटरची पुढच्या वर्षीची यादी दुरुस्त करून घ्या, म्हणजे मार्चच्या फेरीला कुठे उभं राहायचं ते ठरलेलं असेल.